एक डोंगरधार, दोन पावसाळे : पन्हाळ्याच्या वाटांचा इतिहास आणि सायकलची चाके

१/ जुलै १६६०. भर पावसाळ्यातील रात्री काही शे माणसे पन्हाळगडावरून खाली उतरली आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडाच्या पायथ्याशी पोहोचली.

जून १७०२. विशाळगडाहून एक सैन्य पन्हाळ्याकडे निघाले. हत्ती, उंट, तोफा आणि तंबू घेऊन निघालेले हे सैन्य खुद्द औरंगजेब बादशहाचे होते. जवळजवळ तेच अंतर कापण्यास त्याला पाच आठवड्यांहून अधिक काळ लागला.

दोन्ही वेळी पाऊस तोच, डोंगर तेच. मग एका रात्रीची वाट महिन्याभराची कशी झाली? पन्हाळ्याभोवतीच्या वाटांचा हा धागा.

२/ आज या परिसरात सायकल घेऊन येणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. कोल्हापूरहून पहाटे निघायचे, पन्हाळ्याचा चढ चढायचा आणि ऊन तापण्याआधी परतायचे, हा अनेकांचा रविवारचा नेम आहे. मोटारीतून जाणाऱ्याला चढ दिसतो. सायकलस्वाराला तो मांड्यांत आणि श्वासात कळतो. बैलाला, घोड्याला आणि मावळ्याला तो तसाच कळत होता. म्हणूनच या प्रदेशाचा इतिहास समजून घेण्यासाठी सायकलीसारखे दुसरे वाहन नाही.

३/ प्रथम भूगोल. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे अनेक फाटे फुटतात. त्यांपैकी एका फाट्यावर पन्हाळा उभा आहे. त्याच्या उत्तरेस वारणेचे खोरे, दक्षिणेस कासारीचे. कासारी पुढे कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्यासह एकत्र येते व प्रयाग चिखलीपाशी पंचगंगा म्हणून ओळखली जाते.

समुद्रसपाटीपासून पन्हाळ्याची उंची सुमारे ९७५ मीटर. खालच्या मैदानापासून सुमारे ४०० मीटर. कोल्हापूरपासून अंतर सुमारे २० किलोमीटर.

म्हणजे या एका माथ्यावरून दोन खोरी एकाच वेळी नजरेत राहतात. गडाचे सारे राजकारण या एका वाक्यात सामावले आहे.

४/ ही खोरी कोठे जातात? पश्चिमेस, घाटमाथ्याकडे. उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहत गेल्यास आंबा घाट, विशाळगडाची घाटवाट, अणुस्कुरा, काजिर्डा, त्याखाली गगनबावड्याचे घाट आणि मग फोंडा. आंबा घाट साखरप्यामार्गे रत्नागिरीकडे नेतो. अणुस्कुरा पाचलमार्गे राजापूरकडे उतरतो.

कोकणातून वर येणारे मीठ, नारळ, मासळी आणि परदेशी माल, तर देशावरून खाली जाणारे धान्य, गूळ आणि कापड. या देवाणघेवाणीच्या वाटांवर पन्हाळ्याची नजर होती. ज्याचा पन्हाळा, त्याची जकात.

५/ या वाटा किती जुन्या असाव्यात? विसाव्या शतकाच्या चाळिशीत कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर जुने अवशेष उजेडात आले. त्यांत कांस्याची एक छोटी मूर्ती होती : रोमन-ग्रीक जगाचा समुद्रदेव पोसायडन. आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाचे भूषण आहे.

भूमध्य समुद्राकाठची मूर्ती पंचगंगेच्या काठी आपोआप येत नाही. ती जहाजातून कोकणच्या एखाद्या बंदरात उतरली असणार आणि तेथून कोणाच्या तरी पाठीवर वा बैलाच्या गोणीत घाट चढून आली असणार.

६/ दुसरा पुरावा दगडातच आहे. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळे येथे बौद्ध लेणी आहेत. पन्हाळ्याच्या पश्चिमेस मसाई पठाराच्या कड्यात पांडवदऱ्याची लेणी आहेत. पश्चिम महाराष्ट्रात लेणी आणि व्यापारी वाटा यांचे नाते सर्वपरिचित आहे. जुन्नर, कार्ले, कऱ्हाड, सर्वत्र तेच चित्र दिसते. भिक्षूंना पावसाळ्यात निवारा हवा असे आणि व्यापाऱ्यांना वाटेत विसावा.

गड बांधला जाण्याच्या कित्येक शतके आधीपासून या डोंगरधारेवरून माणसे ये-जा करीत होती, याचीच ही खूण आहे. गड नंतर आला. वाट आधी होती.

७/ गडाची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या नावे सांगितली जाते. काळ बाराव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याचा दरबार पन्हाळ्यास भरत असे, हे ११९१च्या सुमाराच्या ताम्रपटावरून कळते. तेराव्या शतकाच्या आरंभी यादव राजा सिंघण याने शिलाहारांचे राज्य संपविले. पुढे बहामनी, मग विजापूरची आदिलशाही.

आदिलशाहीच्या काळात गडाची तटबंदी भक्कम झाली. तटाचा घेर सात किलोमीटरांहून अधिक आहे. आजही तटालगत एक फेरी मारायची तर सायकलस्वाराला घाम फुटतो.

८/ गडावरील अंबरखाना पाहताना बहुतेकजण इमारतीच्या भव्यतेने थक्क होतात. गंगा, यमुना, सरस्वती अशी तेथील कोठारांची नावे. एकट्या गंगा कोठारात पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असे सांगितले जाते.

मात्र या कोठारांपुढे उभे राहून एक प्रश्न विचारायला हवा : एवढे धान्य वर आले कसे? उत्तर एकच. बैलांच्या पाठीवरून, माणसांच्या डोक्यावरून, वारणा आणि कासारीच्या खोऱ्यांतील गावांतून. त्या तांड्यांना दरवर्षी चढता येईल अशी वाट असल्याखेरीज या कोठारांना अर्थ नव्हता. कोठार म्हणजे वाटेचे शेवटचे टोक होय.

९/ आता १६५९. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला आणि अवघ्या १८ दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. ही झेप केवळ एका गडासाठी नव्हती. पन्हाळा हाती येणे म्हणजे आदिलशाहीचा कोकणातील बंदरांकडे जाणारा रस्ता अडविणे. विजापूरला हे सोसवणारे नव्हते.

१६६०च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. उन्हाळा सरला, पावसाळा सुरू झाला, तरी वेढा सैल झाला नाही.

१०/ या वेढ्यात एक पात्र घाट चढून आले होते. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या माणसांसह तोफ आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीस पन्हाळ्यापाशी दाखल झाला. व्यापाऱ्याने तटस्थता सोडल्याची किंमत त्याला लवकरच मोजावी लागली. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर गाठले, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह काही इंग्रजांना कैदेत टाकले.

राजापूर खाडीकाठी, पन्हाळा घाटमाथ्यापलीकडे. मात्र ज्या वाटेने तोफ वर येऊ शकते, त्याच दिशेने उत्तरही खाली जाऊ शकते, हे रेव्हिंग्टन विसरला होता.

११/ १२ जुलै १६६०. आषाढी पौर्णिमेची रात्र. पण आकाश ढगांनी व्यापलेले. तहाच्या बोलण्यांनी वेढ्यातील पहारा थोडा ढिला पडला होता. सुमारे सहाशे निवडक मावळ्यांसह महाराज गडाबाहेर पडले. परंपरेनुसार ही वाट राजदिंडीतून उतरली. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद बसला होता. तो शत्रूच्या हाती लागला, ओळखला गेला आणि मारला गेला. त्याने मिळवून दिलेला वेळ हाच पुढच्या प्रवासाचा पाया ठरला.

सिद्दी मसूद पाठलागावर निघाला तेव्हा मावळे बरेच पुढे गेले होते.

१२/ या वाटेची आज ओळखली जाणारी गावे अशी : पन्हाळ्याच्या पुसाटी बुरुजाखालून तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग मसाई पठार, पठार ओलांडल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मंडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पुढे म्हसवडे आणि पांढरेपाणी, आणि शेवटी घोडखिंड, जी पुढे पावनखिंड झाली.

समकालीन साधने गावोगावची अशी यादी देत नाहीत. आजची वाट परंपरा, स्थळनामे आणि डोंगराची रचना यांच्या आधारे ठरली आहे. परंतु नकाशावर ती रेखाटली की एक गोष्ट लख्ख दिसते : जेथे शक्य आहे तेथे ती डोंगराच्या माथ्याला धरून जाते.

१३/ मसाई पठार हे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे आहे. जांभा कठीण असतो. त्यावर मातीचा थर पातळ. पावसात तेथे डबकी साचतात, निसरडे होते, वारा अंगाला झोंबतो. परंतु पाय गुडघाभर चिखलात रुतत नाही. खोऱ्यातील शेतजमिनीची गत उलटी आहे. जुलैमध्ये भाताच्या खाचरांत पाणी, बांध निसटलेले आणि प्रत्येक ओढा फुगलेला.

शिवाय माथ्यावर वस्ती विरळ. खोऱ्यात चौकी, गाव, कुत्र्यांचे भुंकणे आणि वाटसरूंची नजर. ज्याला रात्री, गुपचूप आणि वेगाने जायचे आहे, त्याने कोणती वाट निवडावी हे येथील दगडच सांगतो.

१४/ माथ्याची सोबत अखेरपर्यंत मिळत नाही. पश्चिमेकडे जाताना कासारीच्या उगमाकडील ओढे आणि घनदाट रान आडवे येते. तेथेच पाठलाग अंगाशी आला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या तुकडीने शत्रूला रोखून धरले. खिंड अरुंद, समोरून एकाच वेळी थोडेच लोक येऊ शकत. संख्येचे बळ तेथे निरुपयोगी ठरले. महाराज विशाळगडाच्या पायथ्याशी असलेला सुर्वे व पालवणचे दळवी यांचा वेढा फोडून गडावर पोहोचले. खिंडीत बाजीप्रभू आणि त्यांचे अनेक साथीदार धारातीर्थी पडले.

सरळ रेषेत हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे; पायवाटेने सुमारे ६०.

१५/ पन्हाळा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तहाने आदिलशाहीला परत द्यावा लागला. पुन्हा तो घेतला गेला ६ मार्च १६७३ रोजी. कोंडाजी फर्जंद याने अवघ्या साठ माणसांनिशी रात्री कडा चढून गड जिंकला. जयराम पिंडे या कवीने या विजयावर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले.

वेढ्याने चार महिन्यांत जे साधले नाही ते साठ माणसांनी एका रात्रीत साधले. येथेही उत्तर वाटेतच आहे : मोठे सैन्य ज्या वाटेची कल्पनाही करू शकत नाही, ती वाट थोड्या माणसांना खुली असते.

१६/ आता दुसरा पावसाळा. १७०१ मध्ये औरंगजेबाने स्वतः पन्हाळ्यास वेढा दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचा वकील सर विल्यम नॉरिस सुरतेहून मजल-दरमजल करीत या छावणीत बादशहाच्या भेटीस आला. व्यापारी सवलतींचे फर्मान मिळवणे हा त्याचा हेतू होता. तो साध्य झाला नाही. परतीच्या सागरी प्रवासात नॉरिसचा मृत्यू झाला.

क्षणभर विचार करावा : दिल्लीचा बादशहा आणि लंडनचा वकील यांची भेट पन्हाळ्याच्या पायथ्याशी होते. त्या वर्षी हिंदुस्थानची राजधानी जणू कासारी-वारणेच्या खोऱ्यात होती.

१७/ मे महिन्याच्या अखेरीस पन्हाळा मोगलांच्या हाती गेला. पुढचे लक्ष्य विशाळगड. वर्षाच्या शेवटी सैन्य मलकापूरच्या बाजूस सरकले आणि पुढे वाटच संपली. तोफा आणि हत्ती नेता येतील असा रस्ता नव्हता. फत्तेउल्लाखानाने लाकूडतोडे आणि पाथरवट कामास लावून आंबा घाटाची वाट रुंद करवून घेतली.

सैन्याला गड जिंकण्याआधी रस्ता जिंकावा लागला. गडावर परशुराम त्रिंबक होते. त्यांनी महिनोन्महिने झुंज दिली आणि अखेर जून १७०२ मध्ये दोन लाख रुपये घेऊन, शिबंदीसह सुखरूप निघून जाण्याच्या अटीवर गड सोडला.

१८/ बादशहाने गड घेतला. पावसाने बादशहाला घेरले. १० जूनच्या सुमारास परतीचा प्रवास सुरू झाला. ओढ्यांना पूर आला. ओझ्याची जनावरे चिखलात रुतून मेली. उंट डोंगराळ निसरड्या वाटेवर चालेनात. सामान माणसांच्या डोक्यावर आले. धान्य, वैरण, जळण, सगळ्याचीच टंचाई झाली. एकेक ओढा उतरण्याची वाट पाहत सैन्य दिवसचे दिवस खोळंबले. पन्हाळ्याच्या परिसरात ते जुलैच्या मध्यास पोहोचले.

सुमारे ५० किलोमीटर. पाच आठवड्यांहून अधिक काळ. रोजची सरासरी दीड किलोमीटरहूनही कमी.

१९/ आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. मावळे अधिक शूर आणि मोगल कमी शूर, असे म्हणून हा फरक सुटत नाही. फत्तेउल्लाखानाची माणसेही जिवावर उदार होऊन लढली होती. शिवाय तुलना काटेकोर नाही : पहिला प्रवास सुटकेचा होता, दुसरा अख्ख्या चालत्या नगराचा. मात्र याच तफावतीत खरा धडा आहे.

वाट ही जमिनीवर आखलेली कायमची रेघ नसते. तिच्यावरून काय जाणार आहे, त्यावर ती वाट आहे की नाही हे ठरते. पायाला जी वाट, ती चाकाला भिंत. उंटाला जी दलदल, ती धनगराच्या पोराला नित्याची पाऊलवाट. स्वराज्याचे सैन्य हलके राहिले, म्हणून त्याच्यापाशी वाटा अधिक होत्या. मोगल सैन्य जड झाले, म्हणून त्याच्यापाशी एकच वाट उरली आणि तीही स्वतः खणून काढलेली.

२०/ पुढचा इतिहास थोडक्यात. मोगलांची पकड टिकली नाही. पन्हाळा पुन्हा मराठ्यांकडे आला आणि ताराबाईंच्या काळात राजधानी बनला. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापुरास हलली. डोंगरावरची सत्ता मैदानात उतरली, कारण आता बाजार, नदी आणि रस्ते मैदानात होते.

१८४४ मध्ये गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. कर्नल ओव्हन्स हा इंग्रज अधिकारी पन्हाळ्यावर कैदेत होता. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रज फौजेने तोफांनी तट फोडून गड घेतला. पूर्वेकडील चार दरवाजा या प्रसंगाने उद्ध्वस्त झाला. आज मोटारी आणि सायकली गडावर शिरतात त्या याच बाजूने. म्हणजे पन्हाळ्याचा आधुनिक रस्ता एका पराभवाच्या खिंडारातून आत येतो.

२१/ त्याच उठावानंतर विशाळगडाची तटबंदी पाडली गेली आणि तेथील प्रतिनिधींचे ठाणे खाली मलकापुरास आले. एका छोट्या बाजारपेठेचे भाग्य असे उजळले. आंबा घाटाच्या तोंडाशी वसलेले मलकापूर कोकण आणि देश यांच्यामधला मुक्काम बनले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाटांतून बैलगाडीचे रस्ते झाले. १८९१ मध्ये रेल्वे मिरजेहून कोल्हापुरात पोहोचली आणि व्यापाराचे तोंड हळूहळू पश्चिमेकडून पूर्वेकडे वळले.

घाटवाटांवरील तांडे विरळ झाले. ज्या वाटांना चाक जोडता आले त्या वाढल्या. ज्यांना जोडता आले नाही त्या रानात बुडाल्या.

२२/ नेमक्या याच दशकात इंग्लंडमध्ये आधुनिक सायकल घडत होती. १८८५ मध्ये स्टार्लीची दोन समान चाकांची ‘रोव्हर’ आली, १८८८ मध्ये डनलॉपचे हवा भरलेले टायर. पुढे विसाव्या शतकात सायकल खेडोपाडी पोहोचली आणि कोल्हापूरच्या खेड्यांत ती खेळाची वस्तू राहिली नाही. हँडलला दुधाच्या किटल्या अडकवून डेअरी गाठणारा गवळी, मागे गवताचा भारा बांधलेला शेतकरी, तालुक्याच्या शाळेत जाणारी मुले. बैलाच्या पाठीवरून येणारे ओझे दोन चाकांवर आले, वाटा मात्र पुष्कळशा त्याच राहिल्या.

२३/ इतिहास समजून सायकल चालवायची तर पन्हाळ्याभोवती तीन मार्ग आहेत आणि प्रत्येक मार्ग वेगळे शतक सांगतो.

पहिला : कोल्हापूर, केर्ली, वाघबीळ, पन्हाळा. केर्लीहून एक फाटा जोतिबाकडे चढतो. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या घेऊन येणाऱ्या भाविकांची ही वाट. आजचे मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधले असे मानले जाते. वाघबिळापर्यंत रस्ता सोपा. त्यानंतर मात्र गड का अजिंक्य वाटत असे, ते पुढच्या काही किलोमीटरांत उमगते.

२४/ दुसरा : कासारीच्या काठाने. यवलूज, पुनाळ, ठाणे-आळवे, बाजारभोगाव, करंजफेन आणि पुढे अणुस्कुरा. बाजारभोगावच्या नावातच बाजार आहे. खोऱ्यातील व्यापाराची स्मृती त्या नावाने जपली आहे. या वाटेवर ठिकठिकाणी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांवरून गावे एकमेकांशी जोडलेली असतात. जुलैमध्ये कासारी चढली की हे बंधारे पाण्याखाली जातात आणि वाहतूक थांबते. १७०२ च्या सैन्याची कोंडी समजून घेण्यासाठी पाण्याखाली गेलेला एक बंधारा दुरून पाहिला तरी पुरेसे आहे. मात्र दुरूनच, वाहत्या पाण्यात चाक घालू नये.

२५/ तिसरा : वाघबिळाहून बांबवडे, मलकापूर, आंबा आणि तेथून गजापूरमार्गे विशाळगड. फत्तेउल्लाखानाच्या पाथरवटांची दिशा हीच. अंतर लांब, चढउतार सतत. पावनखिंड आणि पांढरेपाणी याच बाजूस. ज्याला घाई नाही त्याने मलकापुरास मुक्काम करावा.

आणि जी वाट सर्वांत प्रसिद्ध, मसाई पठाराची, ती सायकलची नाही. ती पायांची आहे. पठारावरील फुलझाडे जांभ्यावरच्या बोटभर मातीत जगतात. चाकाचा एक चर तेथे वर्षानुवर्षे राहतो. २०२२ मध्ये या पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तो याच नाजूकपणामुळे.

२६/ जुलै २०२१. अतिवृष्टीत चार दरवाज्याच्या बाजूने गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांची ये-जा कित्येक महिने थांबली. शेकडो मोटारी रोज येणाऱ्या नगराला पुन्हा पायवाटांची आठवण झाली. पन्हाळ्याचा पाऊस बादशहाला ओळखत नाही आणि पर्यटकालाही नाही.

२७/ जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ दुर्गांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत पन्हाळा आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु विशाळगड त्या यादीत नाही, पावनखिंड नाही आणि त्या दोन गडांना जोडणारी वाटही नाही. तटाचा दगड हलला तर तक्रार होते. पाऊलवाटेवर डांबर पसरले, पाणंद शेतात मिसळली, ओढ्यावरची जुनी उतरण बुजली, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. या वाटेच्या काही टप्प्यांवर आज डांबर आहेच. गावकऱ्यांना रस्ता हवा, हे न्याय्य आहे. रुग्णाला दवाखान्यात न्यायचे तर पाऊलवाट पुरत नाही. म्हणूनच कोणता टप्पा रस्ता व्हावा आणि कोणता वाट म्हणूनच जपावा, हे ठरवून करायला हवे, विसरून नव्हे.

२८/ ‘लष्करी भूप्रदेश’ या शब्दांतच उत्तर दडले आहे. भूप्रदेश म्हणजे केवळ बुरुज आणि दरवाजे नव्हेत. त्यात जांभ्याचे पठार येते, फुगलेला ओढा येतो, बाजारभोगावचा बाजार येतो, धनगरवाडा येतो आणि या साऱ्यांना बांधणारी वाटही येते. बाजीप्रभूंनी प्राण दिले ते तटावर नव्हे, वाटेवर. शिवा काशीद मारला गेला तोही वाटेतच. ज्या भूमीने वाटेवर इतके मोठे मोल मोजले, तिने वाटेचा हिशेब ठेवायला हवा.

२९/ तो हिशेब ठेवण्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. गावोगावच्या वृद्धांना जुनी बैलवाट कोठून जात असे हे ठाऊक असते. ओढ्याच्या कोणत्या उतरणीवर फरसबंदी होती, कोणत्या वडाखाली तांडे उतरत, हे ऐकून नोंदवता येते. सायकलचा वेग त्यासाठी योग्य आहे. माणूस दिसला की थांबता येते, विचारता येते, पाणी मागता येते. मोटार ओलांडून जाते, सायकल थांबते.

३०/ १६६० च्या रात्री वाट माहीत असणारी माणसे होती, म्हणून स्वराज्य वाचले. १७०२ मध्ये सामर्थ्य होते, वाट नव्हती. पन्हाळ्याचा इतिहास तटाच्या आत जितका आहे, त्याहून अधिक तो तटाबाहेर, खोऱ्यांत आणि डोंगरधारांवर पसरला आहे. तो तेथे अजूनही वाचता येतो. मात्र पानापानावर डांबर चढत असताना वाचन पुढच्या पिढीवर टाकून चालणार नाही.